अप्पांच्या घरची मर्यादा

माझे वडील वीरभद्रप्पा हत्तुरे यांचं सोलापूरच्या चाटी गल्लीत लुगडी-खणांचं दुकान होतं. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर पांढरीशुभ्र गादी, मागं कपाटं, आणि गादीच्या कडेला कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून बसलेले अप्पा. कापडाची पारख त्यांना होतीच, पण माणसाची त्याहून जास्त आहे असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि ते मत कुणी न विचारता ते सांगत. कॉलेजला जाता-येता मी दुकानात डोकावले की हटकून ऐकावं लागे. "रुद्राणी, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. तोंड म्हाग हाय म्हनतं आन् हात काठ चाचपत ऱ्हातो. हात सोडंना, म्हंजी माल गेला बघ."

त्यांची खरी हुशारी दिसायची ती सासऱ्याबरोबर आलेल्या सुनेपुढं. मंद्रूपकडून, अक्कलकोटकडून खरेदीला घरंच्या घरं यायची. सासू-सासरे गादीवर आणि सून पायरीवर, पदर कपाळावर ओढून. खरेदी तिच्यासाठीच असायची, पण तिला कुणी विचारत नसे आणि ती बोलत नसे. अप्पा एकेक लुगडं उलगडत जायचे आणि नजर ठेवायचे ती तिच्या पापण्यांवर. पापणी कुठं थांबली, कुठं पुन्हा वळली हे बघून नेमकं तेच लुगडं सासऱ्यापुढं टाकायचे. "मालक, ह्ये तुमच्या घराला शोभतंय." सासरा खूश, सून खूश, अप्पा त्याहून खूश. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं त्यात "मला कळलंच नाही" असं म्हणायची सोय अप्पांना नव्हती, आणि त्यांनी ते कधी म्हटलंही नाही.

घरी वेगळीच गंमत. मी लेक, त्यामुळे अप्पांसमोर बाजेवर आडवी पडून पेरू खायची मला मुभा. त्यांच्याशी भांडावं, त्यांच्या टोपीची चेष्टा करावी, कुणी काही म्हणायचं नाही. आणि जवळजवळ माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेली माझी वहिनी शरणम्मा, ती अप्पा घरात आले की भिंतीला लागायची. सासऱ्यापुढं बसायचं नाही, वर बघायचं नाही, पाठ दाखवायची नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर माझ्या आईमार्फत, म्हणजे अव्वामार्फत. "अव्वा, मामांना भाकरी वाढू का विचारा." मामा म्हणजे सासरे, ते समोर पाटावर बसलेले, शब्द न् शब्द ऐकलेला. तरी अव्वानं तो पुन्हा म्हणायचा आणि अप्पांनी अव्वाला सांगायचं, "अर्धी घाल म्हनावं." मला हसू फुटायचं. "त्यापेक्षा तार का करत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर अव्वानं डोळे वटारले. "सुम्निर!" गप्प बसवायचं असलं की अव्वा कानडीत जायची.

अप्पांना या मर्यादेचा भारी अभिमान. "सात वर्सं झाली लग्नाला, अजून माज्या सुनेचं तोंड मी नीट बघितलं न्हाय," हे ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. जसं काही त्यात त्यांचंच कर्तृत्व! पण म्हणून त्यांना जुनाट ठरवून मोकळे होऊ नका. वहिनी अक्कलकोटची, शाळेत असताना वक्तृत्वाची ढाल आणलेली. माझा भाऊ सिद्धाराम होटगीला रेल्वेत, पाळ्यांची ड्यूटी, घरी असून नसल्यासारखा. लग्नानंतर वहिनीला बी. ए. करू दिलं, बी. एड. करू दिलं, ते अप्पांनी. "शिकू दे की तिला, डोकं हाय," म्हणून भावकीतल्या सगळ्यांची तोंडं बंद केली, तीही अप्पांनी. त्यामुळेच पुढचं जास्त लागतं.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेत मराठीच्या बाईंची जागा निघाली. शाळा एका संस्थेची, आणि संस्थेच्या समितीवर व्यापाऱ्यांच्या वतीनं अप्पा. घरातून चालत जाण्याजोगी अशी ती एकच शाळा. लांबची नोकरी सुनेला त्या काळात आमच्याकडं कुणी करू दिली नसती. म्हणजे ही जागा मिळाली तर बाई, नाही तर शिकून सवरून जन्मभर चूल. वहिनीनं अर्ज केला. रोज दुपारी परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढत ती धडा घ्यायची आणि मी तिच्यापुढं विद्यार्थिनी होऊन बसायची. काय शिकवायची! कुठं थांबायचं, कुणाकडं हसून बघायचं, कुणाला नुसत्या भुवईनं गप्प करायचं, सगळं तिला येत होतं.

अव्वाला आधीच धास्ती वाटत होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती अप्पांना म्हणाली, "उद्या तुमी जाऊ नगा. तुमी समोर बसल्यावर ती तोंड कसं उघडंल?"

"मी समितीतला मानूस. न जाऊन कसं चालंल?" अप्पा म्हणाले. "आन् माजी सून म्हनून तितं कुनाला सांगायचं न्हाय. वशिला लावला म्हनतील. तिला म्हनावं, गुनावर मिळाली तर करायची नोकरी."

वशिला न लावणं ही चांगलीच गोष्ट. अप्पा त्या चांगल्या गोष्टीच्या आड जाऊन बसले, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

मुलाखतीत काय झालं ते मला दोघांकडून कळलं. थोडं मुख्याध्यापिका गोदावरीबाईंकडून आणि बाकीचं फार उशिरा अप्पांकडून. टेबलाच्या पलीकडं तिघं. मधे समितीचे अध्यक्ष हिंदुराव वकील, एका बाजूला गोदावरीबाई, दुसऱ्या बाजूला अप्पा. अलीकडं उमेदवारासाठी एक खुर्ची. गोदावरीबाई सांगत, दारातून ती चांगली ताठ आत आली होती. मग तिची नजर अप्पांवर पडली आणि बघता बघता ती दुसरीच कुणी झाली. पदर कपाळावर आला, खांदे आत गेले, मान खाली.

"बसा," हिंदुराव म्हणाले.

ती बसली नाही.

"बसा की बाई. खुर्ची त्याचसाठी आहे."

तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि काढून घेतला. उभीच राहिली. प्रश्नांची उत्तरं दिली, सगळी बरोबर दिली, पण टेबलावरच्या हिरव्या कापडाला ऐकू जातील एवढ्याच आवाजात. मग गोदावरीबाईंनी तिला फळ्यावर थोडं शिकवून दाखवायला सांगितलं. आता सासऱ्याकडं तोंड करायचं नाही आणि पाठही करायची नाही. वहिनी भिंतीला खेटून फळ्याच्या कडेला तिरकी उभी राहिली आणि तशीच हात लांबवून लिहायला लागली. ओळ घसरत घसरत फळ्याच्या चौकटीला जाऊन टेकली. हिंदुरावांनी घड्याळात बघितलं.

"वक्तृत्वाची ढाल मिळवली ती तुम्हीच ना?" गोदावरीबाईंनी विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

हिंदुराव अप्पांकडं झुकले. "हत्तुरे आडनाव आहे. तुमच्या भावकीतली का?"

आता काय करायचं होतं? माझी सून आहे, माझ्यामुळं उभी आहे, मी जरा बाहेर बसतो, एवढं म्हणायचं आणि उठायचं. अप्पा म्हणाले, "हत्तुरे लई हायत की सोलापुरात."

वहिनी समोर उभी होती. तिनं ते ऐकलं.

हिंदुराव दिलदार माणूस. ज्याला घ्यायचं नाही त्यालाही दोन गोड शब्द बोलून पाठवायची त्यांची रीत. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या मर्यादेच्या दिसता. ज्या घरची सून असाल ते घर चांगलं असणार." ती गेल्यावर मग म्हणाले, "सालस आहे हो, पण पोरी हिच्या डोक्यावर बसतील." गोदावरीबाईंना ते पटलं. अप्पांनी काही म्हटलं नाही, आणि जागा दुसऱ्या बाईला गेली.

त्या संध्याकाळी वहिनीनं रोजच्यासारखंच वाढलं. भिंतीला लागून, मान खाली. ती रडली असेल तर आमच्यासमोर नाही. मीच अप्पांवर ओरडले, "तुम्ही उठून बाहेर का नाही गेलात?"

"नियम म्हंजी नियम," अप्पा म्हणाले. आणि ताटातली भाकरी तशीच टाकून उठले. शेंगाचटणी असताना अप्पांनी भाकरी टाकलेली मी पहिल्यांदा बघितली.

आधी ते दुकानात बिघडले. एकदा मी तिथं असतानाच मंद्रूपचं एक घर आलं होतं. सासरा गादीवर, सून पायरीवर. अप्पांनी सवयीनं लुगडी उलगडली, सवयीनं सुनेच्या पापण्यांकडं बघितलं, आणि हातातलं लुगडं तसंच धरून थांबले. मग सासऱ्याला म्हणाले, "तिलाच इचारा की, तिला काय पायजे ते."

सासऱ्याला हा अपमान वाटला. सून तर एवढी दचकली की एक पायरी खाली उतरली. "आमच्या घरात कुनाला इचारायचं ते आमी बघू," असं म्हणून तो उठला आणि सगळे शेजारच्या दुकानात गेले. अप्पांनी गिऱ्हाईक हातचं घालवलं म्हणून गल्लीत दोन दिवस चर्चा. त्यानंतर ते गादीवर मागं सरकून तक्क्याला टेकून बसायला लागले आणि माल दाखवायचं काम नोकरावर सोडलं. माणसाच्या पारखीच्या गोष्टी बंद झाल्या. पुढं एकदा मला म्हणाले, "पायरीवरच्या पोरींची मान बघितली की हिची मान दिसायची गं. त्यांच्या पापन्या मला वाचता येत हुत्या. मंग हिची मान कशापायी खाली हाय ते मला कळत नव्हतं व्हय?"

वाईट वाटत होतं तर सांगायचं ना वहिनीला! पण सांगणार कसं? सुनेशी थेट बोलायचं नाही, म्हणजे माफीसुद्धा अव्वाच्या तोंडून मागायची. आणि अव्वा तर आधीच जाऊ नका म्हणाली होती. तिच्याकडं हा निरोप द्यायचा म्हणजे दोन बायकांपुढं एकदम हरायचं. ते अप्पांना जमेना. ते नुसते वाळत गेले.

वर्षभरानं त्या शाळेत पुन्हा जागा निघाली. अप्पांनी हिंदुरावांकडं जाऊन समिती सोडली. कारण काय सांगितलं? गुडघे दुखतात! तिथंही खरं बोलायची हिंमत झाली नाही, याचा त्यांना पुढं आणखी वेगळा त्रास झाला. पण वहिनीचं काम झालं. ती खुर्चीवर बसली, बोलली, फळ्यावर सरळ ओळीत लिहिलं. गोदावरीबाई मला नंतर म्हणाल्या, "वकीलसाहेब मला विचारत होते, मागच्या वर्षीची ती हीच का हो? तेव्हा आजारी होती का?" वहिनीला नोकरी लागली. सकाळी चपला घालून, पर्स घेऊन ती निघाली की मला उगाचच नाचावंसं वाटायचं.

इथं सगळं सुखानं संपायला हरकत नव्हती. पण अप्पांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माणूस तसा चिवट. शाळेच्या गॅदरिंगला पडद्याचं कापड द्यायचं त्यांनी कबूल केलं आणि स्टेज मोजायच्या निमित्तानं शाळा चालू असताना तिथं गेले. स्टेज एकीकडं, हे वर्गांच्या व्हरांड्यातून दुसरीकडं. एका खिडकीतून आवाज आला. मोठा, स्वच्छ, ठसठशीत. हा आवाज आपल्या घरात सात-आठ वर्षं राहतो आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

वहिनी टेबलाला टेकून उभी होती. पदर खांद्यावरून कमरेला खोचलेला, मान वर, हातात पुस्तक. मागच्या बाकावर कुणी पोरगी खुसखुसली, तिच्याकडं नुसतं भुवई उचलून बघितलं तशी ती गप्प झाली. मग वहिनी स्वतःच हसली. आपल्या सुनेच्या गालाला खळी पडते हे अप्पांना त्या दिवशी कळलं.

आणि तिला खिडकीत अप्पा दिसले. वाक्य अर्ध्यावर तुटलं. कमरेचा पदर ओढून तिनं कपाळावर घेतला, मान खाली गेली, पुस्तक हातातून सुटलं. पोरी आधी खिडकीकडं बघायला लागल्या, मग बाईंकडं, आणि मग त्यांच्यातल्या दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. अप्पा स्टेज न मोजताच परतले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या मते प्रायश्चित्त होतं. ते तिच्या वाटेतून बाजूला व्हायला लागले. दुपारचा डबा दुकानात मागवायचे. संध्याकाळचं जेवण बाहेर सोप्यात एकट्यानं, तेही अव्वानं वाढलेलं. वहिनी सोप्यात आली की हे उठून बाहेर जायचे. आपण समोर नसलो की पोरगी बसेल, मान वर करेल, हसेल, असा त्यांचा हिशेब. तोंडानं मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. आता घरातला कर्ता माणूस सुनेच्या हातचं जेवेना, ती आली की उठून जातो, याचा अर्थ कुठल्याही घरात जो लावतात तोच आमच्या घरातही लावला गेला. वहिनीचं हसणं बंद झालं. शाळेतून आली की ती स्वयंपाकघरातून बाहेरच येईना.

एका रविवारी सकाळी अप्पा सोप्यात बाजेवर पाय सोडून बसले होते. मी तिथंच केस वाळवत होते. अव्वा आतून आली आणि दारात उभी राहिली. तिच्यामागं, दाराच्या आड, वहिनीचा पदर दिसत होता.

"ती म्हनती, चुकलं," अव्वा म्हणाली. "वर्गात पदर खोचला हुता, तुमच्या नजरंला पडला. तवापासनं तुमी घरात जेवत न्हाय. नोकरी सोडते म्हनती, पन मामांनी राग सोडावा."

अप्पांना कळायलाच वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा ओढला गेला. इतका, की मला वाटलं आता यांना काहीतरी होतंय.

"माजा राग न्हाय," ते अव्वाला म्हणाले. पण बघत होते दाराच्या आड. "तिची काई चूक न्हाय. चूक माजी हाय. त्या पयल्या मुलाखतीला ती कशापायी बसंना, ते मला कळत हुतं. वकिलानं इचारलं, तवाबी मी खरं बोललो न्हाय. वशिल्याचं नुसतं निमित्त. खरं म्हंजी..." ते थांबले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "वकील त्या घराची तारीफ करत हुता. मला ती ग्वाड लागली. माजी सून माज्यापुढं बसत न्हाय, ह्ये चार लोकं बघत हुती, आन् मला बरं वाटत हुतं. तिची नोकरी जात हुती तितं, आन् मला बरं वाटत हुतं. तिला म्हनावं, नोकरी सोडायची न्हाय. मी तिच्यापुढं यायला शरमतो, म्हनून उठून जातो."

अव्वा हा निरोप पुन्हा म्हणेल म्हणून मी तिच्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही. बोलली ती वहिनी. दाराच्या आडूनच, पण अव्वाला नाही, थेट अप्पांना.

"मला ते तेव्हाच माहीत होतं, मामा."

मोठा, स्वच्छ आवाज होता. वर्गातला.

"माझी मान खाली होती. मला टेबलाखालचे तुमचे पाय दिसत होते. तुमचा चेहरा मला वाचता येत नाही, पण पाय येतात. लग्न झाल्यापासून तेच बघत आले. आधी तुम्ही चपला घालून पाय जुळवून बसला होतात. वकीलसाहेब चांगल्या घरची सून म्हणाले, तेव्हा तुम्ही चपला काढल्या आणि एका पायाच्या अंगठ्यानं दुसरं पाऊल चोळायला लागलात. दुकानात चांगला दिवस गेला की घरी येऊन चोळता, तसं. नोकरी गेली हे मला तिथंच कळलं."

वहिनी आत निघून गेली. सोमवारी ती शाळेत गेली, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत जात राहिली.

अप्पांनी बाजेवरून खाली सोडलेले पाय हळूच वर उचलून धोतरात झाकून घेतले. ते आणखी पंधराएक वर्षं जगले. घरात बसले की पाय झाकूनच बसायचे.